कर्नेलमधले तपासनीस आणि त्यांचं परस्परावलंबन

लिनक्स कर्नेल बांधायचं तर आधी '.कॉन्फिग' ही फाइल लागते. कर्नेलमध्ये कोणत्या सोयी असणार आणि कोणत्या नसणार, हे त्या फाइलीत ओळीओळीने लिहिलेलं असतं. समजा, दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच व्हेरिएबलला हात घालत असावेत, असा संशय आहे. तो तपासण्यासाठी कोणी केसीसॅन ही सोय चालू करणारी ओळ त्या फाइलीत लिहिली आणि रिवाजाप्रमाणे 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवलं. कमांड बिनतक्रार पार पडते. फाइल पुन्हा उघडावी तर ती ओळ गायब! त्या फाइलीत केएसॅन नावाचा दुसरा तपासनीस आधीपासून चालू होता आणि केसीसॅनच्या व्याख्येत अट आहे की केएसॅन चालू असता कामा नये. ही अट स्क्रीनवर कुठेच उमटत नाही. सोर्समधल्या 'लिब' फोल्डरात जाऊन ती शोधावी लागते. फाइल पुन्हा न उघडणारा माणूस कर्नेल बांधतो, रात्रभर चाचण्या चालवतो, सकाळी स्वच्छ लॉग पाहतो आणि कोड निर्दोष आहे असं धरून पुढच्या कामाला लागतो.

डीबगिंगच्या सोयी इतर सोयींपेक्षा वेगळ्या ठरतात त्या इथे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये यायचा राहिला तर नेटवर्क चालत नाही आणि पाच मिनिटांत चूक कळते. डीबगिंगची सोय यायची राहिली तर काहीच घडत नाही आणि काहीच न घडणं हे तर चांगल्या कर्नेलचं लक्षण! तपासनीस गैरहजर असणं आणि दोष नसणं, दोन्ही बाहेरून अगदी सारखंच दिसतं. म्हणून कोणती सोय कोणावर अवलंबून आहे याचा हिशेब इथे इतर कुठल्याही भागापेक्षा काटेकोर हवा. प्रत्यक्षात तो बराच काळ ढिसाळ राहिला. गेल्या वीसेक वर्षांत तो कुठे सुधारला, कुठे नाही आणि सुधारण्याच्या वाटा कोणत्या, हे पाहण्यासारखं आहे.

आज वापरात असलेली केकॉन्फिग ही भाषा रोमन झिप्पेल यांनी लिहिली आणि २००२ च्या अखेरीस २.५.४५ या आवृत्तीत ती कर्नेलमध्ये आली. त्याआधी एरिक रेमंड यांनी सीएमएल-२ नावाची दुसरी भाषा सुचवली होती. तिच्यात अटींची संगती लावणारं गणिती यंत्र होतं, पण ती पायथनवर उभी होती आणि जुनं सगळं एकदम बदलू पाहत होती. ती स्वीकारली गेली नाही. झिप्पेल यांची भाषा साधी, सी मध्ये लिहिलेली आणि चटकन चालणारी होती. त्या निवडीची किंमत आजही मोजावी लागते, कारण केकॉन्फिग अटींचं समीकरण सोडवत नाही. ते फक्त वरून खाली नियम लावत जातं आणि जे बसत नाही ते टाकून देतं.

या भाषेत दोन सोयींचं नातं सांगण्याचे मुख्य प्रकार तीन. 'डिपेंड्स ऑन' म्हणजे ती गोष्ट असेल तरच मी. 'सिलेक्ट' म्हणजे मी आले की तिलाही आणणार, तिची इच्छा असो वा नसो. आणि ४.१० या आवृत्तीपासून आलेलं 'इम्प्लाय', म्हणजे शक्य असेल तर तिलाही घ्या, नसेल तर आग्रह नाही. यातलं 'सिलेक्ट' सगळ्यात धोकादायक. ते ज्या सोयीला ओढून आणतं, त्या सोयीच्या स्वतःच्या अटी तपासत नाही. अ ने ब ला 'सिलेक्ट' केलं आणि ब ला क हवं असेल, तर क नसतानाही ब चालू होतं. मग 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' अशी सूचना येते आणि पुष्कळदा कर्नेल बांधताना लिंकरच्या पायरीवर सगळं अडतं. कर्नेलच्या दस्तऐवजांत यासाठी सरळ सल्ला आहे: ज्यांना मेन्यूत स्वतःची ओळ नाही आणि ज्यांच्या स्वतःच्या अटी नाहीत, अशांनाच 'सिलेक्ट' करावं. सल्ला अचूक आहे, पण डीबगिंगच्या फाइलींत तो वर्षानुवर्षं पाळला गेला नाही. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. डीबगिंगची सोय लिहिणाऱ्याला वाटतं, वापरणाऱ्याने एकच बटण दाबावं आणि लागेल ते सगळं आपोआप यावं. अडचणीत सापडलेल्या माणसाला दहा बटणं शोधायला लावणं त्याला प्रशस्त वाटत नाही.

या सगळ्या गुंत्याचं मूळ मला 'डीबग कर्नेल' या एका सोयीत दिसतं. तिचं काम अगदी मर्यादित ठरलं होतं: ती चालू केली की डीबगिंगचे बाकीचे पर्याय मेन्यूत दिसू लागावेत, बस. स्वतः तिने कर्नेलच्या कोडमध्ये काही बदलू नये. पण नाव इतकं मोघम की काळाच्या ओघात लोकांनी थेट सी कोडमध्ये 'डीबग कर्नेल असेल तर हा तुकडा घ्या' असं लिहायला सुरुवात केली. पॉवरपीसी, मिप्स यांसारख्या आर्किटेक्चरच्या कोडमध्ये असे तुकडे साचले. दुसरीकडे 'एक्स्पर्ट' नावाचा एक पर्याय आहे. एरवी गृहीत धरलेल्या सोयी बंद करून कर्नेल लहान करायचं असेल, त्यांच्यासाठी तो असतो. छोट्या उपकरणांवर काम करणाऱ्यांना तो हटकून लागतो. आणि हा 'एक्स्पर्ट' पर्याय 'डीबग कर्नेल'ला 'सिलेक्ट' करतो. म्हणजे कर्नेल लहान करू पाहणाऱ्याच्या पदरात नको असलेला तपासणीचा कोड पडत होता.

२०१९ साली ५.२ या आवृत्तीत यावर तोडगा निघाला. 'डीबग मिसलेनियस' अशा अर्थाची एक नवी सोय आणली गेली आणि ज्या तुकड्यांना आजवर स्वतःचं घर नव्हतं ते तिच्याखाली हलवले गेले. तिच्या मदतीच्या मजकुरात प्रांजळपणे लिहिलं आहे की हा कोड खरं तर जास्त नेमक्या पर्यायाखाली असायला हवा होता, पण नाही. मला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. डोळ्यांत भरण्यासारखं तिच्यात काही नाही, पण एक तत्त्व तिने पक्कं केलं: मेन्यूत दिसणं वेगळं आणि कोडला लागणं वेगळं. पर्याय दाखवायचा की नाही, ही माणसाच्या सोयीची बाब. एक गोष्ट दुसरीशिवाय चालते की नाही, ही यंत्राची बाब. या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत कोंबल्या की पुढे येणाऱ्याला त्यातली कोणती खरी हे कळायला मार्ग उरत नाही.

तरीही हा गुंता पुरता सुटलेला नाही. चालत्या सर्व्हरचं कर्नेल बंद न करता त्यात दुरुस्ती बसवण्याची लाइव्ह पॅचिंगची सोय २०१५ पासून कर्नेलमध्ये आहे. ती शंभर टक्के उत्पादनातली सोय आहे, डीबगिंगची नव्हे. तिला सगळ्या चिन्हांची पूर्ण यादी लागते आणि ती यादी देणारा पर्याय 'डीबग कर्नेल'वर अवलंबून ठेवलेला होता. शिवाय तिला एफट्रेसही लागतं. तेही मुळात मागोवा घेण्याचं साधन. तेव्हा मोठ्या वितरणांच्या नेहमीच्या कर्नेलमध्ये 'डीबग कर्नेल' चालू दिसलं तर नवल वाटायचं कारण नाही. कालचं तपासणीचं साधन आज पायाभूत व्यवस्था बनलेलं असतं. त्याची नोंद मात्र जुन्याच खात्यावर राहते.

'डीबग इन्फो'ची गोष्टही इथेच सांगायला हवी. कर्नेलच्या बायनरीत ड्वार्फ स्वरूपातली डीबगिंगची माहिती घालणारा हा पर्याय. तो चालू केला की बांधणीला खूप जास्त वेळ लागतो आणि फाइली फुगतात, म्हणून सगळे पर्याय एकदम चालू करून बांधायच्या चाचण्यांमध्ये तो येऊ नये अशी अट होती. पण काहींना नेमक्या त्या चाचण्यांमध्येच तो हवा होता. २०२२ मध्ये ५.१८ या आवृत्तीत त्याची रचना बदलली: आधी ड्वार्फची कोणती आवृत्ती हवी, की माहिती नकोच, ते निवडायचं; मूळ पर्याय त्या निवडीतून आपोआप ठरेल. रचना म्हणून हे निर्विवाद चांगलं होतं. पण जुन्या फाइलींत 'डीबग इन्फो चालू' अशी जी ओळ होती, तिला आता थेट अर्थच उरला नाही. केकॉन्फिगने ती मुकाट्याने बाजूला ठेवली आणि निवडीतला पहिला पर्याय, म्हणजे 'काही नको', लागू केला. मग त्यावर विसंबलेलं बीटीएफ, म्हणजे डेटाच्या प्रकारांची संक्षिप्त माहिती, गेलं आणि बीटीएफवर विसंबलेली बीपीएफची साधनं चालेनाशी झाली. अनेक आर्किटेक्चरच्या ठरीव कॉन्फिग फाइली नंतर एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या.

बीटीएफच्या निमित्ताने कर्नेलच्या बाहेरचं अवलंबित्वही समोर येतं. बीटीएफ तयार करायला पाहोल नावाचं वेगळं साधन लागतं आणि ड्वार्फची पाचवी आवृत्ती वापरायची तर ते साधन किमान १.२१ हवं. पूर्वी हे कळायचं ते बांधणीच्या अगदी शेवटी, सगळं तयार होऊन लिंक करताना. आता पाहोलची आवृत्ती कॉन्फिगच्या पायरीवरच मोजली जाते आणि अटीत लिहिता येते. कंपायलरबाबत हीच सुधारणा मासाहिरो यामादा यांनी २०१८ मध्ये आणली: कंपायलरला अमुक फ्लॅग समजतो का, हे केकॉन्फिग स्वतः विचारून पाहू लागलं. त्याआधी ते काम मेकफाइल करत असे आणि फ्लॅग नसेल तर पर्याय कागदोपत्री चालू, प्रत्यक्षात निकामी, असा प्रकार होई. डीबगिंगच्या दृष्टीने केकॉन्फिगमध्ये झालेली सगळ्यात मोलाची सुधारणा कोणती, असं विचारलं तर मी हीच सांगेन.

आतापर्यंतची उदाहरणं नोंदणीतल्या घोळाची होती. काही वैरं मात्र खरी असतात आणि तिथे नियम कितीही नीट लिहिले तरी दोघं एका घरात नांदत नाहीत. केएसॅन हे अवैध मेमरी वापर पकडणारं साधन, २०१५ मध्ये ४.० आवृत्तीत आलेलं. त्याच्या साध्या प्रकारात कर्नेलच्या दर आठ बाइटमागे एक बाइट पडछाया-मेमरी म्हणून राखून ठेवलेला असतो आणि कंपायलर प्रत्येक मेमरी वापराआधी तो बाइट तपासणारा कोड घुसवतो. वेग साधारण तिपटीने मंदावतो. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत आलेल्या केसीसॅनची पद्धत निराळी: अधूनमधून एखादा मेमरी वापर हेरायचा, तो करणाऱ्याला मुद्दाम थोडं थांबवायचं आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे हात घालतंय का ते पाहायचं. ही थांबवणूक साध्या प्रक्रियेसाठी एरवी ८० मायक्रोसेकंदांची असते. हेही कंपायलरच्याच मदतीने चालतं. आणि कंपायलर ही दोन प्रकारची पेरणी एकाच वेळी करून देत नाही. जीसीसी आणि क्लँग दोघांचाही नकार आहे. २०२२ मध्ये ६.१ आवृत्तीत आलेलं केएमसॅन न भरलेल्या मेमरीचा वापर पकडतं. ते फक्त क्लँगवर चालतं, त्याला केएसॅन किंवा केसीसॅन सोबत चालत नाही आणि प्रत्येक मेमरी पानामागे त्याला आणखी दोन पानांइतकी जागा लागते.

याचा परिणाम सरळ खर्चात दिसतो. एकच कर्नेल तीन वेगवेगळ्या प्रकारांनी बांधायचं, तिन्हींवर तीच चाचणी चालवायची. कर्नेलवर अखंड मारा करून दोष शोधणारा गूगलचा सिझबॉट नेमकं हेच करतो. वेगवेगळ्या साधनांसाठी त्याच्या स्वतंत्र फळ्या असतात. मोठ्या संस्थेला हे परवडतं. चार माणसांच्या चमूला परवडत नाही आणि मग ते एखादंच साधन निवडतात, बहुधा केएसॅन. इथे केफेन्ससारख्या साधनाचं महत्त्व कळतं. २०२१ मध्ये ५.१२ आवृत्तीत आलेलं हे साधन कंपायलरकडून काहीच मागत नाही. ते मोजक्याच वस्तू, मूळ ठरावानुसार २५५, पहारा लावलेल्या पानांच्या मधोमध ठेवतं आणि नमुन्यादाखल तपासतं. पकडण्याची शक्यता कमी, पण कोणाशी वैर नाही आणि खर्च इतका थोडा की चालत्या सर्व्हरवरही ठेवता येतं. अटी कमी असणं हा साधनाचा मोठा गुण असतो, हे केफेन्स पाहिल्यावर पटतं.

काही वैरं कायमची वाटतात, पण तशी नसतात. २०१६ मध्ये ४.९ आवृत्तीत कर्नेलच्या स्टॅकसाठी व्हीमॅलॉकच्या प्रदेशातून जागा घेण्याची सोय आली. स्टॅक ओसंडला तर शेजारची मेमरी गुपचूप बिघडवण्याऐवजी तत्काळ लक्षात यावं म्हणून. पण केएसॅनने त्या प्रदेशासाठी खरी पडछाया-मेमरी ठेवलेलीच नव्हती. एकच कोरं पान सगळ्यांसाठी वापरलं होतं. स्टॅक तिकडे गेला की त्याचा हिशेब ठेवणार कुठे? म्हणून कॉन्फिगमध्ये अट आली: हे असेल तर ते नाही. सुरक्षेच्या दोन सोयींपैकी एकच घ्यावी लागत होती. २०१९ च्या अखेरीस डॅनियल ॲक्स्टेन्स यांनी केएसॅनला त्या प्रदेशासाठी खरी मेमरी पुरवणारं काम पूर्ण केलं, ते ५.५ आवृत्तीत आलं आणि अट सैल झाली. ती अट लिहिली गेली तेव्हा ती चूक नव्हती. पण ती 'निसर्गनियम' नसून 'अजून न झालेलं काम' आहे, हे अट वाचून कळत नव्हतं. केकॉन्फिगमधल्या 'हे नको' अशा प्रत्येक ओळीशेजारी त्यामागचं कारण लिहिलेलं असावं, हा माझा आग्रह यातूनच आला. क्वचित अट दुसऱ्याच कारणाने सुटते. कर्नेलमध्ये मेमरीचे तुकडे वाटणाऱ्या स्लॅब, स्लब अशा एकाहून अधिक यंत्रणा होत्या आणि केएसॅनच्या अटींमध्ये या दोघींसाठी वेगवेगळी कलमं लिहिलेली होती. २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीतून जुनं स्लॅब काढून टाकलं गेलं आणि त्या ओळी आपोआप सुटसुटीत झाल्या.

लॉकडेपची तऱ्हा वेगळी. इंगो मोल्नार आणि आर्यन व्हान डे वेन यांनी २००६ मध्ये आणलेलं हे साधन लॉक घेण्याच्या क्रमाची नोंद ठेवतं आणि डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याआधीच, नुसत्या क्रमावरून इशारा देतं. त्याचा मुख्य पर्याय स्पिनलॉक, म्यूटेक्स, आरडब्ल्यूसेम अशा सगळ्यांच्या तपासण्यांना एका दमात 'सिलेक्ट' करतो, कारण लॉकची नोंद ठेवायची तर प्रत्येक लॉकच्या रचनेत जागा हवी. एरवी चार बाइटांचा स्पिनलॉक त्यामुळे कितीतरी पट मोठा होतो. म्हणजे ज्या ज्या रचनेत लॉक आहे ती प्रत्येक रचना बदलते आणि लॉकडेप नसलेल्या कर्नेलसाठी बांधलेलं मॉड्यूल या कर्नेलमध्ये टाकता येत नाही. कागदावर ही एका पर्यायाची निवड. प्रत्यक्षात ते वेगळंच कर्नेल असतं. फेडोरा आणि रेड हॅट तपासणीचं कर्नेल वेगळं पॅकेज म्हणून देतात, त्यामागे वेगाइतकंच हेही कारण आहे.

शिवाय लॉकडेपला चालतानाच्या अटीही आहेत आणि त्या केकॉन्फिगच्या नजरेपलीकडच्या. पहिला दोष सांगितल्यावर ते स्वतःला बंद करून घेतं, कारण त्यानंतरच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही. सोर्स खुला नसलेलं मॉड्यूल चढवलं की कर्नेलवर डाग लागतो आणि लॉकडेप बंद होतं. लॉगमध्ये 'डिसेबलिंग लॉक डीबगिंग' अशी एक ओळ येऊन जाते. नोंदींचे तक्ते भरले तरी तेच. ग्राफिक कार्डाचा बंदिस्त ड्रायव्हर असलेल्या संगणकावर लॉकडेप लावून दिवसभर काम करणाऱ्याला काहीच सापडत नाही, यात आश्चर्य नाही.

तपासनिसाचं उरलेल्या कर्नेलशीही नातं असतं आणि ते लक्षात न घेतल्याचा सर्वांत जबर फटका २००८ मध्ये बसला. २.६.२७ ची पूर्वतयारी चालू असताना इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांमधली कायमस्वरूपी मेमरी पुसली जाऊन कार्डं निकामी होऊ लागली. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. खरं कारण एफट्रेसमध्ये निघालं. त्या वेळी एफट्रेस ज्या जागी नोंद घ्यायची त्या जागांचे पत्ते चालताना साठवायचं आणि दर सेकंदाला जाग येणारी एक प्रक्रिया त्या जागांवरचा कोड बदलायची. मॉड्यूल सुरू होतानाचा कोड काम झाल्यावर मोकळा केला जातो. त्याचे पत्ते यादीत तसेच राहिले. तीच जागा पुढे नेटवर्क कार्डाची मेमरी दाखवण्यासाठी वापरली गेली. बदल करण्यासाठी वापरलेली सूचना 'जुनी किंमत जुळली तरच लिही' अशी होती, पण त्या सूचनेत तुलना फसली तरी बसवर लिहिण्याची फेरी होतेच. साध्या मेमरीवर त्याने काही बिघडत नाही. उपकरणाच्या मेमरीवर बिघडतं. २.६.२७.१ मध्ये ही सोय तातडीने बंद केली गेली. स्टीव्हन रोस्टेड यांनी मग ती यादी चालताना न करता बांधतानाच तयार होईल अशी रचना केली. 'हे साधन त्या क्षणी कोणत्या मेमरीला हात लावू शकतं' ही अट कुठल्याही कॉन्फिग फाइलीत लिहिता आली नसती. ती रचनेतच मिटवावी लागली. पुढे २०२० मध्ये इंटरप्टच्या प्रवेशद्वारावरचा कोड 'नोइन्स्ट्र' म्हणून वेगळा केला गेला. तिथे कोणत्याही तपासनिसाने पाऊल ठेवायचं नाही आणि ठेवलं तर ऑब्जटूल हे साधन ते बांधतानाच पकडतं. ही त्याच धड्याची शिस्तबद्ध आवृत्ती म्हणता येईल.

अवलंबित्व सांभाळण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ते तोडणं, असं मला ठामपणे वाटतं आणि त्याची उत्तम उदाहरणं आहेत. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी आणलेलं डीबगएफएस म्हणजे कोणालाही काहीही दाखवायला मोकळं मैदान. म्हणून तर अनेक सोयी त्याला 'सिलेक्ट' करून बसल्या. पण सुरक्षेच्या दृष्टीने ते चालत्या यंत्रावर नको असतं आणि ते काढलं की मागोवा घेण्याची सगळी यंत्रणा जायची. २०१५ मध्ये ४.१ आवृत्तीत रोस्टेड यांनी ट्रेसएफएस वेगळं केलं आणि ही गाठ सुटली. डायनॅमिक डीबगची नियंत्रण फाइलही २०२० मध्ये प्रॉकएफएसमधून उपलब्ध झाली, तेव्हा त्याचीही डीबगएफएसची अट सैल झाली. स्टॅकडेपोचं उदाहरण मला विशेष आवडतं. कॉल स्टॅक साठवण्याची ही सामायिक कोठी केएसॅन, पेज ओनर, स्लब अशा कित्येकांना लागते. मेन्यूत तिची ओळ नाही, तेव्हा 'सिलेक्ट'चा हा अगदी योग्य वापर. पण कोठीचा ८ मेगाबाइटचा तक्ता ती नुसती कर्नेलमध्ये असली तरी अडकून पडायचा. व्लास्तिमिल बाबका यांनी ५.१७ मध्ये तो खरोखर गरज पडेल तेव्हाच मिळवण्याची सोय केली. तेव्हापासून पेज ओनर बांधून ठेवायला आणि बूट करताना हवं तेव्हा चालू करायला फारसा खर्च उरला नाही.

बांधून ठेवायचं, पण बंद ठेवायचं, या पद्धतीने कॉन्फिगमधले कितीतरी पेच सुटतात. जागच्या जागी कोड बदलून फांदी चालू-बंद करणाऱ्या जंप लेबलमुळे बंद सोयीचा खर्च जवळपास शून्यावर येतो. मात्र मग भांडणं बूट करतानाच्या पर्यायांत सरकतात. मोकळ्या पानांत खुणेचे आकडे भरून ठेवणारं पेज पॉयझनिंग आणि मेमरी शून्याने भरणारं 'इनिट ऑन अलॉक' दोन्ही चालू केली तर कोणी जिंकायचं? कर्नेल पॉयझनिंगला मान देतं आणि तसं लॉगमध्ये स्पष्ट लिहितं. स्लबची तपासणी चालू केली तर खरे पत्ते दिसावेत म्हणून ५.१४ पासून पत्ते झाकण्याची सोय आपोआप बंद होऊ लागली. दोन्ही निर्णयांत मला आक्षेपार्ह काही वाटत नाही, कारण दोन्ही ठिकाणी कर्नेल काय करतंय ते मोठ्याने सांगतं.

फ्रीबीएसडीने या प्रश्नाला जरा वेगळं वळण दिलं आहे. तिथे 'इन्व्हेरिअंट्स' आणि 'इन्व्हेरिअंट सपोर्ट' असे दोन पर्याय आहेत. पहिल्याला दुसरा लागतो, पण दुसरा एकटाही ठेवता येतो. तो असला की साध्या कर्नेलमध्येही तपासणीसह बांधलेलं मॉड्यूल चढतं. विकासाच्या शाखेत हे सगळं चालू ठेवायचं आणि प्रकाशनाआधी बंद करायचं, अशी तिथली पद्धत आहे. विंडोजमध्ये पूर्वी 'चेक्ड बिल्ड' म्हणून अख्खी प्रणालीच तपासण्यांसह वेगळी बांधलेली मिळत असे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती बंद झाली आणि भर ड्रायव्हर व्हेरिफायरवर राहिला. ते चालत्या प्रणालीत हव्या त्या ड्रायव्हरपुरतं लावता येतं. तिन्ही प्रणाली वेगवेगळ्या वाटांनी एकाच दिशेला निघालेल्या दिसतात: बांधतानाच्या अटी कमी, चालतानाच्या जास्त.

अटी बरोबर लिहिल्या आहेत की नाहीत हे तपासण्याच्या साधनांबद्दल थोडक्यात. यादृच्छिक पर्याय निवडून कर्नेल बांधत राहणं हा जुना आणि अजूनही सर्वांत उपयोगी मार्ग. इंटेलचा चाचणी-रोबो रात्रंदिवस ते करतो. एर्लांगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ च्या सुमारास अंडरटेकर हे साधन केलं. कोडमधले कुठल्याच कॉन्फिगमध्ये न येणारे तुकडे ते अटींचं गणित मांडून शोधतं. मागितलेला पर्याय अंतिम फाइलीत आला नाही तर तसं सांगणारी 'मर्ज कॉन्फिग' ही स्क्रिप्ट सोर्समध्येच आहे. ती न वापरता हाताने ओळी घालणं टाळावं. २०२२ मध्ये आलेली 'डीबग डॉट कॉन्फिग' ही तयार यादी नवशिक्याला मोठा आधार आहे. रोजच्या चाचण्यांतून पारखलेला, एकमेकांशी पटणाऱ्या साधनांचा संच 'मेक डेफकॉन्फिग डीबग.कॉन्फिग' एवढ्यानेच मिळतो.

एक मोठी उणीव मात्र तशीच आहे. चालत्या कर्नेलमध्ये या क्षणी कोणकोणते तपासनीस जागे आहेत, हे एका ठिकाणी सांगणारी जागा नाही. कॉन्फिगची प्रत वाचली तर फक्त काय बांधलं ते कळतं. मेमरीची गळती शोधणारं केमेमलीक नोंदीसाठी मेमरी मिळाली नाही की स्वतःला बंद करतं. केएसॅन मुद्दाम तसं सांगितलं नसेल तर पहिल्या दोषानंतर गप्प होतं. लॉकडेपची हकिगत वर आलीच. प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं. चाचण्या चालवणाऱ्या प्रत्येक चमूने निदान एवढं करावं: सगळं संपल्यावर 'प्रॉक'मधली लॉकडेपच्या आकडेवारीची फाइल उघडून 'डीबग लॉक्स'ची ओळ वाचावी. तिथे १ च्या जागी शून्य असेल तर त्या फेरीचा लॉकबाबतचा निकाल ग्राह्य धरू नये आणि लॉकडेप कुठल्या ओळीपाशी झोपलं ते आधी लॉगमध्ये शोधावं.